शेतात सापडलेला दगड चंद्रावरचा आहे का? तपासणीचा क्रम आणि अहवालाचं वाचन

नांगराच्या फाळाला काळा, जड दगड लागतो. कुणीतरी चुंबक लावतं, ते ओढलं जातं, आणि रात्रीपर्यंत गावाच्या ग्रुपवर ‘चंद्राचा तुकडा सापडला’ म्हणून फोटो फिरू लागतो. मग हातोडी येते. एक तुकडा देव्हाऱ्यात जातो, एक कुणा ‘गिऱ्हाइका’ला दाखवायला. दगड खरोखर उल्का असेल, तर तिच्याकडून जे कळणार होतं त्यातलं बरंचसं इथेच वाया जातं.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि शेतकऱ्यांना हाताशी ठेवता यावेत म्हणून पुढचे टप्पे लिहिले आहेत. पहिले सात टप्पे दगड गाळण्याचे. शेवटचे दोन चांद्र उल्केचा अहवाल वाचण्याचे आणि त्यावरून चंद्राच्या कवचाबद्दल काय म्हणता येतं ते समजून घेण्याचे. दगड गाळताना आणि अहवाल वाचताना चूक एकच होते: एका खुणेवर निकाल दिला जातो.

## तयारी

हे जमवा: हातमोजे, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, कागदी पाकिटं, फ्रिजवर लावतात तसलं साधं चुंबक, १० पट मोठं दाखवणारं भिंग, डिजिटल काटा, बारीक दोरा, पाण्याचं पातेलं, वही आणि मोबाइल.

हे लांब ठेवा: हातोडी, ग्राइंडर, अ‍ॅसिड, गॅसची शेगडी, तेल आणि निओडिमियमचं ताकदवान चुंबक. या शेवटच्या वस्तूबद्दल आग्रहाने सांगतो. दगडातल्या लोहयुक्त खनिजांत फार जुन्या चुंबकीय क्षेत्राची नोंद टिकून असू शकते. चंद्राला एकेकाळी स्वतःचं चुंबकीय क्षेत्र होतं हे अशाच नोंदींवरून कळलं. ताकदवान चुंबक एकदा टेकवलं की ती नोंद पुसली जाते आणि परत मिळत नाही.

## टप्पा १: दगड उचलण्याआधी नोंद

दगड जिथे आहे तिथेच त्याचे फोटो काढा. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा. चारही बाजू, खालची माती, आजूबाजूचे दगड, सगळं फोटोत येऊ द्या. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश वहीत उतरवा. दगड किती खोल होता, जमीन काळी की मुरमाड, शेत नदीपासून किती लांब, हेही लिहा. तापी, गिरणा, पांझरा पुरात लांबून दगड आणतात. त्यामुळे काठावर ‘वेगळा’ दगड दिसणं मुळीच वेगळं नाही.

आकाशातून जळता गोळा जाताना कुणी पाहिला असेल, आवाज ऐकला असेल, तर त्यांची नावं, वेळ आणि दिशा त्याच दिवशी लिहून घ्या. चार लोकांचं बोलणं एकत्र झालं की आठवणी एकमेकींत मिसळतात.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. आजवर एकही चांद्र उल्का पडताना कुणी पाहिलेली नाही. सगळ्या नंतर सापडल्या आहेत, बहुतेक उष्ण वाळवंटांत आणि अंटार्क्टिकाच्या बर्फावर. ‘काल रात्री पडलेला चंद्राचा दगड’ असं कुणी सांगितलं तर प्रश्न विचारा.

खबरदारी: दगड धुऊ नका. आत धातू असेल तर पाण्याने गंजतो. कोरडाच फॉइलमध्ये गुंडाळा.

## टप्पा २: आधी आपल्या मातीतले दगड वगळा

ही पायरी सगळ्यांत जास्त लोक टाळतात, म्हणून इथे थांबू. खानदेशाच्या पायाखाली दख्खनचा लाव्हा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर तापीच्या खोऱ्यात गाळाची जाड माती. म्हणजे आपल्याकडे काळा, जड, चुंबकाला थोडाफार ओढ देणारा दगड हा नियम आहे. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि चुंबक त्याच्याकडे ओढलं जातं.

एकेक करून वगळा.

पहिला, झिजलेला बेसाल्ट. गोल गोटा, बाहेरून तपकिरी, आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा. लोक या पापुद्र्याला उल्केची जळालेली साल समजतात. ही साल जाड, मातकट असते आणि नखाने सुटते.

दुसरा, डाइकचा दगड. धुळे-नंदुरबार पट्ट्यात जमिनीतून भिंतीसारखे वर आलेले लांबच लांब कातळ दिसतात, तेच डाइक. भेगांत घुसून थिजलेला हा लाव्हा घट्ट आणि जड असतो. शेतातल्या इतर दगडांपेक्षा वेगळा दिसतो म्हणून फसवतो.

तिसरा, पोकळ्यांचा बेसाल्ट. लाव्हातले वायूचे बुडबुडे मागे राहतात आणि त्यांत पांढरी, हिरवट, गुलाबी खनिजं भरतात. सावद्याकडचे स्टिल्बाइट आणि अ‍ॅपोफिलाइटचे नमुने संग्राहकांना चांगले माहीत आहेत. गोलसर पोकळी भरून पांढरं खनिज बसलेलं दिसलं की दगड पृथ्वीचा. या खनिजांच्या रचनेत पाणी असतं आणि चंद्राच्या खडकांत ती सापडत नाहीत.

चौथा, पांढऱ्या स्फटिकांचा काळा दगड. दख्खनच्या काही लाव्हांत प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार जातीच्या खनिजाचे लांबट पांढरे स्फटिक असतात, काही ठिकाणी बोटाएवढे. चांद्र उल्केतही काळ्यात पांढरं दिसतं, त्यामुळे हा सर्वांत फसवा. फरक पाचव्या टप्प्यात.

पाचवा, माणसाने केलेला दगड. वीटभट्टीतला खंगर, बॉयलरची राख थिजून झालेला गोळा, लोहाराच्या भट्टीतली मळी. फुटलेल्या जागी काच दिसते, बुडबुडे दिसतात, कधी लोखंडाचा थेंबही. शेताजवळ जुनी भट्टी, साखर कारखाना किंवा रेल्वेमार्ग असेल तर आधी हेच तपासा.

गारगोटी तर लगेच बाजूला ठेवा. क्वार्ट्झ चंद्राच्या खडकांत फारच तुरळक आणि बारीक कणांतच आढळतं.

तपासणी: तुमच्या दगडासारखे आणखी दहा दगड त्याच शेतात किंवा बांधावर सापडतात का? सापडत असतील तर पुढे जाण्याची गरज नाही.

## टप्पा ३: साल

वातावरणातून येताना उल्केचा पृष्ठभाग वितळतो आणि त्याची पातळ, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीची साल होते. ताजी असेल तर बहुतेक उल्कांवर ती काळी असते. चांद्र उल्कांत मात्र प्लॅजिओक्लेज भरपूर आणि लोह कमी असल्यामुळे ती हिरवट-तपकिरी, काचेसारखी, कधी फेसाळही असू शकते. वाळवंटात पडून राहिलेल्या दगडांवर बऱ्याचदा ती उरतच नाही. साल दिसली तर चांगलं. नाही दिसली म्हणून दगड फेकू नका, आणि काळी दिसली म्हणून पेढेही वाटू नका.

## टप्पा ४: चुंबक, आणि त्याची मर्यादा

दगडाला चुंबक घासू नका. साधं चुंबक दोऱ्याला टांगून दगडाजवळ आणा आणि ते किती कलतं ते बघा.

याचा अर्थ कसा लावायचा ते खानदेशातच पडलेल्या दोन उल्का सांगतात. १८४३ साली एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळ, मानेगावला एक उल्का पडली. तिचा प्रकार डायोजेनाइट. यात मुख्यतः पायरॉक्सीन हे सिलिकेट खनिज असतं आणि धातूचं लोह नगण्य. १८७७ साली धुळ्याकडे भागूर नावाने नोंदलेली उल्का पडली. ती एल-६ गटातली साधी काँड्राइट, म्हणजे सर्वांत जास्त आढळणाऱ्या दगडी उल्कांपैकी. या गटात धातूचे कण असतातच, म्हणून चुंबक ओढ दाखवतं. दोन्ही खऱ्या उल्का, चुंबकाचं उत्तर वेगवेगळं.

चांद्र उल्का या बाबतीत मानेगावच्या बाजूला येतात. चंद्राच्या खडकात धातूचं लोह फार कमी असतं, म्हणून चुंबक बहुधा हलकंच कलतं किंवा कलतच नाही. म्हणजे चुंबकावर भरवसा ठेवणारा माणूस बेसाल्ट घरी नेतो आणि खरी चांद्र उल्का बांधावर टाकून येतो.

## टप्पा ५: फुटलेली बाजू भिंगाखाली

आधीच फुटलेली बाजू असेल तर तीच बघा. नसेल तर फोडू नका, हा टप्पा प्रयोगशाळेवर सोडा.

उन्हात उभे राहा, भिंग डोळ्याला लावा आणि दगड जवळ आणा. बहुसंख्य चांद्र उल्का ब्रेचिया असतात. म्हणजे आघातांनी चुरलेले तुकडे पुन्हा एकत्र दाबले जाऊन झालेला दगड. राखाडी-काळ्या भुग्यात पांढरे तुकडे विखुरलेले दिसतात. ते कोनदार असतात, लहान-मोठे असतात, कडा मोडलेल्या असतात, आणि एका तुकड्याच्या आत आणखी लहान तुकड्यांचा ब्रेचियाही दिसू शकतो. तो पांढरा तुकडा बहुधा चंद्राच्या मूळ कवचाचा भाग, म्हणजे मुख्यतः प्लॅजिओक्लेजचा खडक, अ‍ॅनॉर्थोसाइट.

दख्खनच्या चौथ्या दगडात पांढरं काय असतं? वाढलेले स्फटिक. त्यांना सरळ बाजू असतात, साधारण सारखा आकार असतो, प्रकाशात फिरवले की एक सपाट पृष्ठ चमकतं, आणि लाव्हाच्या प्रवाहात ते बऱ्याचदा एका दिशेला झुकलेले असतात. मोडलेला तुकडा की वाढलेला स्फटिक, हा एक प्रश्न नीट सोडवला तर निम्मे दावे गळतात.

सगळ्या चांद्र उल्का ब्रेचिया नसतात. काही चंद्राच्या काळ्या मैदानांतला बेसाल्टच असतात आणि भिंगाखाली आपल्या बेसाल्टच्या फार जवळ जातात. त्या घरी ओळखता येत नाहीत.

खबरदारी: आघातामुळे काच झालेलं प्लॅजिओक्लेज ही उल्केची खूण म्हणून इंटरनेटवर सांगतात. पण ते लोणारच्या बेसाल्टमध्येही आहे, कारण लोणारचं विवर उल्केच्या आघातानेच झालं. खूण आघाताची आहे, चंद्राची नाही.

## टप्पा ६: घनता

आधी दगड कोरडा असताना वजन करा. मग दगड पातळ प्लॅस्टिकमध्ये हवा न ठेवता घट्ट गुंडाळा. काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्य करा. दगड दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. काटा जो आकडा दाखवतो तो दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरडं वजन ४१२ ग्रॅम आणि हा आकडा १४१ आला तर घनता ४१२ भागिले १४१, म्हणजे २.९२.

दख्खनचा बेसाल्ट साधारण २.८ ते ३.० मध्ये बसतो. साध्या काँड्राइट ३.२ च्या पुढे जातात. चंद्राच्या पांढऱ्या कवचातल्या उल्का मात्र बेसाल्टइतक्या किंवा त्याहून हलक्या भरतात. ‘जड आहे म्हणजे चंद्राचा’ हे गणित उलटं आहे.

## टप्पा ७: कुणाकडे न्यायचं

एवढं करूनही शंका उरली तर आधी फोटो आणि नोंदी पाठवा, दगड नंतर. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा जवळच्या महाविद्यालयात भूविज्ञान शिकवणाऱ्यांना दाखवा. त्यांनी दुजोरा दिला तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. त्यांचं मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला आहे आणि देशातल्या उल्कांचा संग्रह कोलकात्याला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतही उल्कांवर काम चालतं. दगड पडताना पाहिला गेला असेल तर पोलीस पाटील आणि तहसीलदारांना त्याच दिवशी कळवा.

दोन गोष्टी टाळा. सराफ बाजारातलं टंच काढायचं मशीन सोन्यासाठी जुळवलेलं असतं. दगडातलं अ‍ॅल्युमिनियम, सोडियम, सिलिकॉन त्यावर नीट मोजलं जात नाही, आणि छापील चिठ्ठी हातात आली की लोक तिलाच पुरावा मानतात. दुसरं, ‘तपासणी फी’ आगाऊ मागणारा दलाल. तांदूळ ओढणाऱ्या धातूच्या नावाने लोकांना लुबाडलं गेलं, तोच धंदा उल्केच्या नावानेही चालतो.

अधिकृत नाव मिळण्यासाठी नमुन्याचा एक भाग मान्य संस्थेत कायमचा ठेवावा लागतो: २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांतलं जे कमी असेल ते.

## टप्पा ८: अहवाल कोणत्या क्रमाने वाचायचा

तुमचा दगड बेसाल्ट निघाला तरी हा टप्पा सोडू नका. चांद्र उल्कांची विश्लेषणं प्रसिद्ध होतात आणि ती वाचता आली पाहिजेत.

आधी ऑक्सिजनचे समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे ऑक्सिजनचे अणू. मंगळ, वेस्टा हा लघुग्रह, साध्या काँड्राइट यांचं प्रमाण पृथ्वीपेक्षा वेगळं पडतं. पृथ्वी आणि चंद्र मात्र आलेखावर एकाच रेषेवर बसतात. त्यामुळे या चाचणीतून ‘मंगळाचा नाही’ एवढं ठरतं, ‘पृथ्वीचा नाही’ हे ठरत नाही. अहवाल चुकीचा वाचला जातो तो बहुतेक इथेच.

मग लोह आणि मँगनीजचं गुणोत्तर. चंद्राच्या खडकांत ते साधारण ७० च्या आसपास, मंगळाच्या ४० च्या, वेस्टाच्या ३० च्या. पृथ्वीचं ६० च्या जवळ आहे, म्हणून हेही एकटं पुरत नाही.

मग फेल्डस्पार. चंद्राच्या पांढऱ्या खडकांतलं प्लॅजिओक्लेज जवळपास शुद्ध कॅल्शियमचं, अ‍ॅनॉर्थाइट म्हणजे कॅल्शियमच्या प्लॅजिओक्लेजचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते बहुधा ५० ते ७०. सोडियम चंद्रावर फार कमी. पृथ्वी आणि चंद्र वेगळे करण्यात हा आकडा सर्वांत कामाचा आहे असं माझं मत आहे.

मग एकूण रसायन. कवचातल्या उल्कांत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड साधारण २६ ते ३१ टक्के, लोह ऑक्साइड ३ ते ६. दख्खनच्या बेसाल्टमध्ये अ‍ॅल्युमिनियम १३ ते १५ च्या आसपास आणि लोह त्याच्या जवळपास. चंद्राच्या काळ्या मैदानांतल्या बेसाल्टमध्ये लोह १८ ते २२ पर्यंत जातं. वर्गात या तिन्ही प्रकारांचे आकडे एका आलेखावर मांडा. मुलांना चंद्राचा पांढरा आणि काळा भाग कागदावर वेगळा पडलेला दिसेल.

शेवटी किरणांच्या खुणा. अवकाशातल्या किरणांमुळे बेरिलियम-१० आणि अ‍ॅल्युमिनियम-२६ तयार होतात. त्यांचं तेवढं प्रमाण नांगराखाली सापडलेल्या बेसाल्टमध्ये दाखवता येणार नाही.

तपासणी: सगळे आकडे एकाच दिशेने बोट दाखवतात का? एखादा फटकून असेल तर त्याचं कारण अहवालात असलं पाहिजे. उदाहरणार्थ, वाळवंटात पडून राहिलेल्या दगडांच्या भेगांत पृथ्वीवरचं कॅल्साइट शिरतं.

## टप्पा ९: कवचाबद्दल काय म्हणता येतं

चंद्राचं कवच सरासरी ३४ ते ४३ किलोमीटर जाड आहे. नासाच्या ग्रेल यानांनी चंद्राचं गुरुत्वाकर्षण मोजून तो अंदाज दिला. सुरुवातीला चंद्र खोलवर वितळलेला होता, जड खनिजं खाली बसली आणि हलकं प्लॅजिओक्लेज वर तरंगून कवच झालं, ही मांडणी अपोलो मोहिमांच्या नमुन्यांवरून उभी राहिली. अपोलोने ३८२ किलो दगड-माती आणली, पण सहा जागांवरून, सगळ्या चंद्राच्या दिसणाऱ्या बाजूच्या. यांतल्या बऱ्याच जागा थोरियम, पोटॅशियम आणि फॉस्फरस जास्त असलेल्या प्रदेशाच्या जवळ आहेत. त्यामुळे अपोलोचे नमुने सगळ्या चंद्राचे प्रतिनिधी नाहीत.

उल्का इथे उपयोगी पडतात. आघाताने दगड चंद्रावरून सुटायला सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर वेग पुरतो आणि तो आघात कुठेही होऊ शकतो, पलीकडच्या बाजूलाही. अंटार्क्टिकात १९८२ च्या जानेवारीत सापडलेली अ‍ॅलन हिल्स ८१००५ ही चांद्र म्हणून ओळखली गेलेली पहिली उल्का, वजन ३१ ग्रॅम. त्यानंतर मिळालेल्या कवचाच्या उल्कांनी दाखवलं की उंचवट्यांचा सामान्य खडक अपोलोच्या बऱ्याच नमुन्यांपेक्षा जास्त पांढरा आणि थोरियममध्ये गरीब आहे. ओमानमधल्या धोफार ४८९ मध्ये थोरियम अगदी किरकोळ आहे, आणि तिच्यातलं अ‍ॅनॉर्थोसाइट अपोलोच्या नेहमीच्या अ‍ॅनॉर्थोसाइटपेक्षा मॅग्नेशियमने जास्त समृद्ध. याच ओमानमधल्या सायह अल उहायमिर १६९ मध्ये थोरियम दशलक्ष भागांत ३० भागांच्या वर. दोन्ही चंद्राच्याच. यावरून सगळ्या चंद्रावर एकसारखं कवच तरंगून आलं का, हा प्रश्न उभा राहिला आणि तो अजून खुला आहे.

चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने २०२३ मध्ये दक्षिणेकडे उच्च अक्षांशावर मातीची २३ मापनं घेतली. उपकरण अहमदाबादच्या त्याच प्रयोगशाळेचं. तिथली माती मुख्यतः लोहयुक्त अ‍ॅनॉर्थोसाइटच्या जातीची निघाली, म्हणजे वितळलेल्या चंद्राच्या मांडणीला दुजोरा. त्यात मॅग्नेशियमयुक्त खनिजांचा वाटाही दिसला. तो दक्षिण ध्रुव-एटकिन या प्रचंड खोऱ्याच्या आघाताने खालून उकरला गेला असावा, असं संशोधकांचं म्हणणं आहे. उल्केचे आकडे आणि हे आकडे शेजारी ठेवून वाचा.

इथल्या नेहमीच्या चुका:

‘ही उल्का चंद्राच्या गाभ्याजवळून आली’ असं लिहू नका. उल्का उडतात त्या वरच्या थरातून. खोलचा खडक त्यांत असेल तर तो आधीच्या मोठ्या आघाताने वर आलेला असतो.

‘थोरियम कमी, म्हणून पलीकडच्या बाजूची’ हा अंदाज आहे. तसा लिहा. बहुतेक चांद्र उल्का नेमक्या कोणत्या विवरातून निघाल्या ते ठाऊक नाही.

वय लिहिताना कशाचं वय ते लिहा. कलाहारी ००९ मधला बेसाल्ट सुमारे ४३५ कोटी वर्षांपूर्वी थिजला, नॉर्थवेस्ट आफ्रिका ०३२ चा सुमारे २८० ते २९५ कोटी वर्षांपूर्वी. तुकडे दाबून ब्रेचिया कधी झाला, दगड चंद्रावरून कधी सुटला आणि पृथ्वीवर कधी पडला, ही वेगळी वयं आहेत. चंद्रावरून सुटण्याची वेळ बऱ्याचदा गेल्या काही लाख वर्षांतली निघते.

दगड मोजताना सावध राहा. एकच उल्का फुटून तिचे कित्येक तुकडे वेगवेगळ्या क्रमांकांनी नोंदले जातात. त्याहून पुढे, अंटार्क्टिकात वेगवेगळ्या जागी सापडलेल्या यामाटो ७९३१६९, असुका ८८१७५७, मिलर रेंज ०५०३५ आणि मीटिओराइट हिल्स ०१२१० या चार उल्का चंद्रावरच्या एकाच आघातात उडाल्या असं त्यांच्या खनिजांवरून मानलं जातं. म्हणून चार नावं दिसली तरी चंद्राच्या चार जागा धरू नका. आलेखावर बिंदू मांडण्याआधी जोड्या तपासा आणि एका आघाताच्या सगळ्या तुकड्यांना एकच रंग द्या.